नौपाड्यातील दोघींनी केलेली आमच्या दुकानाची वेबसाइट

ठाण्यात चरईत आमचे वाद्यदुरुस्तीचे दुकान आहे. तंबोऱ्याची जवारी लावणे (म्हणजे तारांचा बसलेला आवाज पुन्हा उमलवणे), पेटीचे सूर मिळवणे, तबल्या-पखवाजाला नवी पुडी (वाजवायचे कातडे) चढवणे ही कामे माझे वडील गेली ५२ वर्षे करत आले आहेत, आणि गिऱ्हाइकांशी बोलणे, हिशेब व पार्सले ही बाजू गेली ११ वर्षे मी सांभाळते. मागच्या वर्षी आम्ही दुकानाची वेबसाइट नव्याने करून घेतली. हे काम नौपाड्यात राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत स्टुडिओ चालवणाऱ्या दोन तरुण डिझायनर मुलींनी केले. सात महिने ती रोज वापरल्यानंतर मी हे परीक्षण लिहीत आहे. त्या दोघी ओळखीतूनच कामे घेतात आणि सध्या त्यांना नवे काम घेण्यास सवड नाही, म्हणून त्यांच्याच विनंतीवरून येथे नावे दिलेली नाहीत. तरीही त्यांनी काय केले, कशा पद्धतीने केले आणि कोठे त्या चुकल्या हे लिहिले, तर वेबसाइट करून घेऊ पाहणाऱ्या छोट्या दुकानदारांना त्याचा उपयोग होईल असे मला वाटते.

लिहिण्यास आणखी एक निमित्त घडले. आमच्याकडे पेटी दुरुस्तीला आणणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. नवी वेबसाइट त्यांना मोबाइलवर दाखवली तेव्हा त्यांनी ती पाच मिनिटे शांतपणे पाहिली आणि म्हणाले, ‘काम स्वच्छ आहे, नेटके आहे, पण ताई, याला कला म्हणू नका. ही मांडणी झाली.’ त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले, कारण ते विचार करून बोलणारे गृहस्थ आहेत. मात्र मला ते पटले नाही. का पटले नाही, हे सांगण्यासाठी आधीच्या वेबसाइटपासून सुरुवात करणे भाग आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीकडून १२,००० रुपयांत वेबसाइट करून घेतली होती. कंपनीचे नाव लिहिण्याचे कारण नाही. त्या दरात असेच काम देणारे अनेक जण आहेत. त्यांच्याकडे तयार साचा होता. त्या साच्यात वरच्या बाजूला आपोआप सरकणारी चार मोठी चित्रे होती आणि त्यांतले पहिले चित्र गिटारचे होते. आमच्या दुकानात गिटार दुरुस्त होत नाही, हे आम्ही दोनदा कळवले. तेव्हा गिटारच्या जागी सतार आली, तीही परदेशातल्या कुठल्या तरी स्टुडिओत काढलेली. कॅमेऱ्यातून निघालेली छायाचित्रे त्यांनी जशीच्या तशी चढवल्यामुळे पहिले पानच २३ एमबीचे झाले होते, आणि मुरबाड-शहापूरकडच्या भजनी मंडळांच्या मोबाइलवर ते उघडेपर्यंत माणूस कंटाळून फोन ठेवून देत असे. पण मला सर्वांत जास्त जी गोष्ट लागली ती अक्षरांची होती. आमच्या धंद्याचा मुख्य शब्द ‘तंबोऱ्याची’ हा आहे, आणि त्या वेबसाइटवर तो अकरा ठिकाणी ‘तंबोर्याची’ असा छापलेला होता. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत जो फरक आहे तोच येथे आहे. मराठी वाचणाऱ्या माणसाचा डोळा त्या रफारावर अडखळतो आणि दुकानदाराला स्वतःचा माल धड लिहिता येत नाही असे त्याला वाटते. मथळ्यांतील अक्षरांमध्ये इंग्रजी पद्धतीने अंतर वाढवलेले होते, त्यामुळे शिरोरेषा जागोजागी तुटली होती आणि ‘जवारी’ हा एक शब्द तीन सुटी अक्षरे होऊन बसला होता. ओळी इतक्या जवळ होत्या की वरच्या ओळीतील ‘पुडी’चा उकार खालच्या ओळीतील मात्रेला जाऊन भिडत असे.

नौपाड्यातील दोघींचे काम येथूनच वेगळे सुरू झाले. पहिल्या भेटीत त्यांनी रंग, साचे, दर यांपैकी कशाचाच विषय काढला नाही. त्या दुकानात आल्या, बाकावर बसल्या आणि दोन तास गिऱ्हाइके काय बोलतात ते ऐकत राहिल्या. बदलापूरहून एक विद्यार्थिनी लोकलच्या मालडब्यातून तंबोरा घेऊन आली होती. ‘आवाज मेल्यासारखा झालाय, काका,’ एवढेच तिला सांगता येत होते. बाबांनी तार छेडली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ कान नेला आणि विचारले, ‘मेलाय की बसलाय?’ तिला फरक सांगता येईना. दोघींपैकी एकीने हा संवाद वहीत लिहून घेतला. पुढे तीन महिन्यांनी जे पान तयार झाले त्याचे बीज त्या दोन ओळींत होते, हे मला नंतर कळले.

अक्षरांच्या बाबतीत त्यांनी घेतलेले कष्ट सविस्तर सांगण्यासारखे आहेत, कारण वेबसाइट पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत. त्यांनी आमचे दरपत्रक पाच वेगवेगळ्या फॉन्टमध्ये, मोबाइलवर दिसेल त्याच आकारात छापून दुकानाच्या भिंतीवर आठ दिवस लावून ठेवले. येणाऱ्या प्रत्येक वयस्कर गिऱ्हाइकाला त्या विचारत की यांतले कोणते चष्मा न लावता वाचता येते. शेवटी मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी हा विनामूल्य मिळणारा फॉन्ट ठरला. त्यात मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. हिंदी वळणाचा दंडाचा ल आपल्याला वाचता येतो, त्यात प्रश्न नाही. पण आमच्या दुकानाच्या जुन्या लाकडी पाटीवर, बाबांच्या हस्ताक्षरात आणि शाळेत गिरवलेल्या पाटीवर जो ल आहे तो पाकळीचाच आहे. राज्य शासनाने २०२२ साली काढलेल्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच वळणे मराठीची म्हणून धरलेली आहेत. पानाची भाषा मराठी आहे हे वेबसाइटच्या मागच्या मजकुरात नोंदवावे लागते, आणि ही नोंद केली की काही फॉन्ट आपोआप मराठी वळण घेतात. एवढी साधी गोष्ट आधीच्या कंपनीने केली नव्हती. तिने पानाची भाषा इंग्रजी अशीच ठेवली होती.

या फॉन्टची एक अडचण आहे. त्यात साधे आणि तिरपे अशी दोनच वळणे आहेत, ठळक वळण नाही. म्हणजे मथळा उठून दिसावा म्हणून अक्षर जाड करण्याचा सोपा मार्ग बंद झाला. मग मथळा, दर, टीप यांच्यातील फरक फक्त आकाराने, रंगाने आणि भोवतीच्या मोकळ्या जागेने दाखवावा लागला. मी त्यांच्याकडे एकदा तक्रारीच्या सुरात म्हटले होते की दुसरा फॉन्ट घेतला असता तर तुमचे काम सोपे झाले असते. त्यावर त्यांनी ‘मूर्च्छना’ हा शब्द पडद्यावर मोठा करून दाखवला. खाली दीर्घ ऊकार, मध्ये च-छचे जोडाक्षर, वर रफार, आणि तरीही सगळे अवयव आपापल्या जागी, एकमेकांना धक्का न लावता. ओळींमधील अंतर त्यांनी या शब्दावरून ठरवले होते. आमच्या मजकुरातील सर्वांत उंच आणि सर्वांत खोल शब्द शोधून त्याला श्वास घेता येईल एवढी जागा त्यांनी सगळीकडे ठेवली. असे काम छापखान्यातील जुन्या जुळाऱ्यांनी खिळे जुळवताना केले असेल, आणि संगणकावरच्या देवनागरीसाठी मंगलसारखा फॉन्ट घडवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्यासारख्यांनी त्याची वाट पुढे नेली. ठाण्यातील एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानाच्या दरपत्रकापर्यंत ती वाट पोहोचावी, याचा मला मनापासून आनंद आहे.

छायाचित्रांचा एक प्रसंग सांगते. बाबांची इच्छा होती की सर्वांत वर सरस्वतीचे चित्र असावे, जसे ते दुकानात आहे. मला भीती होती की या मुली नको म्हणतील, किंवा कुठले तरी तयार चित्र आणून चिकटवतील. त्यांनी दुपारी तीनच्या सुमारास, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येते तेव्हा, दुकानाच्या फळीचे छायाचित्र काढले. त्यात खाली भोपळे उलटे मांडून ठेवलेले आहेत, मध्ये तारांची भेंडोळी आहेत आणि वर तसबीर आहे, तिच्या काचेवर उन्हाची तिरीप पडलेली. सरस्वती वेबसाइटवर आहे, सर्वांत वर आहे, आणि तिच्या रोजच्या जागीच आहे. बाबांनी ते चित्र पाहिले आणि फक्त मान डोलावली. त्यांच्याकडून याहून मोठी पावती मी क्वचित पाहिली आहे.

आता ज्या पानामुळे माझे शिक्षकांशी मतभेद झाले त्याविषयी.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत कंप पावते आणि मूळ स्वराबरोबर वरचे स्वर उमलतात. घोडी झिजली की हे उमलणे थांबते. मग कानशीने, पॉलिश कागदाने तो उतार पुन्हा आणावा लागतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधावी लागते. यालाच जवारी म्हणतात. ती खुली ठेवायची, गोल ठेवायची की बंद, हे गाणाऱ्याच्या गळ्यावर अवलंबून असते. आमच्याकडचे बहुतेक तंबोरे मिरजेचे असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट वेबसाइटवर अभिमानाने लिहिलेली आहे. परंतु जवारी म्हणजे काय हे लिहून समजत नाही. मी स्वतः त्यावर १४० शब्दांचा मजकूर लिहून दिला होता आणि तो बदलापूरच्या त्या विद्यार्थिनीला काहीच सांगू शकला नसता.

दोघींनी सुचवले की एकच तंबोरा, त्याच सुरात लावलेला, जवारीच्या आधी आणि जवारीनंतर असा ध्वनिमुद्रित करावा. एका रविवारी पहाटे पाच वाजता, चरईतील रस्ता जागा होण्यापूर्वी, आम्ही दुकानाचे शटर आतून लावून घेतले आणि झिजलेल्या घोडीचा आवाज टिपला. बाबांनी नंतर चार दिवस त्या तंबोऱ्यावर काम केले. पुढच्या रविवारी पुन्हा पहाटे दुसरा आवाज टिपला. प्रत्येक ध्वनिफीत १२ सेकंदांची आहे, म्हणजे चार तारांची तीन आवर्तने.

येथपर्यंतचे काम कोणीही हुशार माणूस करील. पुढचे काम मी पाहत होते म्हणून सांगते. पहिल्या आराखड्यात त्या पानावर तंबोऱ्याचे मोठे छायाचित्र होते, माझा १४० शब्दांचा मजकूर होता, आणि आवाज सुरू झाला की थरथरणाऱ्या चार तारांचे चलच्चित्र होते. ते फार देखणे दिसत होते आणि मला तेच हवे होते. दुसऱ्या आराखड्यात छायाचित्र गेले. तिसऱ्यात तारा गेल्या, कारण डोळे त्यांच्यामागे धावतात आणि कान मागे राहतो, असे त्यांनी गिऱ्हाइकांना ते पान दाखवून पाहिले होते. मजकूर दोन ओळींवर आला. आता त्या पानावर पॉलिश केलेल्या भोपळ्याचा गडद तपकिरी रंग आहे आणि ‘आधी’ व ‘नंतर’ ही दोन बटणे आहेत. दोन्हींच्या मध्ये भरपूर मोकळी जागा आहे. आवाज आपोआप सुरू होत नाही. ऐकणाऱ्याने बोट ठेवले तरच होतो.

आणि एक गोष्ट अशी आहे, जी मला कळायला महिना गेला. ‘आधी’ वाजत असताना ‘नंतर’वर बोट ठेवले, तर पहिला आवाज तुटत नाही. तो साधारण एका सेकंदात विरत जातो आणि दुसरा आवाज त्याच तारेपासून, त्याच जागेवरून त्याच्यातून वर येतो. मी विचारले, असे का? दोघींपैकी धाकटी म्हणाली, ‘ताई, काका तार छेडतात तेव्हा ती कधीच पटकन थांबत नाही. मग आपण कशी थांबवायची?’ संगणकावर आवाज बंद करणे ही एका क्षणाची गोष्ट आहे, आणि तो मध्येच तोडला असता तरी कोणी तक्रार केली नसती. तसे न करता त्यांनी दोन ध्वनिफिती तारेतारेने जुळवण्यात तीन दिवस घालवले. कोणत्याही नियमपुस्तकात हे लिहिलेले नाही, कोणत्याही साच्यात हे येत नाही. तंबोरा ऐकून ज्याला हे सुचले, त्याच्या त्या सुचण्याला मी कला म्हणते.

शिक्षकांचे मुद्दे तीन होते. पहिला असा की वेबसाइट दुसऱ्याच्या सांगण्यावरून, त्याचा माल खपावा म्हणून केली जाते. हे खरे आहे. पण कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांची जी अक्षरे घडवली तीही नाटकाची जाहिरात म्हणूनच, तिकिटे खपावीत म्हणूनच. गडकरी रंगायतनला जाणाऱ्या आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर ती अक्षरे अजून आहेत, आणि त्यांतील एखाद्या शब्दाचा बाक पाहून नाटक गंभीर आहे की हलकेफुलके हे पडदा उघडण्याआधी कळत असे. मुंबईत १८५७ पासून चालत आलेल्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या परंपरेत ‘उपयोजित कला’ हा शब्द रुळलेला आहे. म्हणजे उपयोगासाठी केलेल्या कामाला कला म्हणण्याचा संकोच तिथल्या शिक्षकांनीही केला नाही. आमचे शिक्षक स्वतः तेथेच शिकलेले आहेत, म्हणून हा मुद्दा मी त्यांच्याशी जरा आग्रहाने बोलले.

दुसरा मुद्दा असा की वेबसाइट टिकत नाही. पाच वर्षांत ती बदलते आणि मागे काही उरत नाही. त्यावर मी त्यांना वात्स्यायनाच्या ६४ कलांची यादी आठवून दिली. तीत गाणे, वाजवणे, चित्र काढणे आहेच, पण तांदूळ आणि फुलांनी जमिनीवर रचना करणे आहे, माळा गुंफणे आहे, सुतारकाम आहे, वास्तुविद्याही आहे. तांदळाची रचना संध्याकाळपर्यंतही राहत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१० साली ईमेलच्या पत्त्यातील ‘अ‍ॅट’चे चिन्ह आपल्या संग्रहात घेतले, हेही मी सांगितले. मात्र संग्रहालयाने घेतले म्हणून एखादी गोष्ट कला होते, असे मला वाटत नाही, त्यामुळे त्या उदाहरणावर मी भर दिला नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार होता. वेबसाइटमध्ये करणाऱ्याच्या हातचे काय असते, सगळे यंत्राचेच नाही का, असे ते म्हणाले. हा प्रश्न मी दोघींना विचारला, तेव्हा त्यांनी मला या विषयाचा थोडा इतिहास समजावून सांगितला. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत जी पहिली वेबसाइट १९९१ साली खुली केली, तिच्यावर नुसता मजकूर आणि दुवे होते. कसे दिसावे हा विचार तेव्हा गौण होता. मजकूर वेगळा आणि त्याचे दिसणे वेगळे ठेवावे, ही शैलीपत्रकाची कल्पना होकोन विउम ली यांनी १९९४ साली मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात सीएसएस या शैलीपत्रकाच्या भाषेची पहिली आवृत्ती मान्य झाली. पुढे २००३ साली डेव्ह शे यांनी सीएसएस झेन गार्डन नावाचे एक पान केले आणि जगभरच्या डिझायनरांना सांगितले की मजकुरातील एक अक्षरही हलवू नका, फक्त शैलीपत्रक बदला. दोघींनी मला त्यांतील चार-पाच रूपे एकामागून एक दाखवली. तेच शब्द, तोच क्रम, पण एका पानावर बागेतला गारवा आणि दुसऱ्यावर रेल्वे स्थानकाची घाई. एकच चीज दोन गायकांनी गायली तर बंदिशीचे शब्द तेच राहतात, आणि तरीही पहिल्या आलापात माणूस ओळखू येतो. आमच्या दुकानात हे आम्ही रोज ऐकतो. त्यामुळे हाताचा प्रश्न माझ्यापुरता तेथेच सुटला.

याला जोडून एक गोष्ट मला विशेष वाटली. चित्रकाराला कागदाचा आकार ठाऊक असतो. वेबसाइट करणाऱ्याला तो कधीच ठाऊक नसतो. तेच पान एकाच्या तळहाताएवढ्या मोबाइलवर आणि दुसऱ्याच्या मोठ्या पडद्यावर उघडते, कोणी अक्षरे दुप्पट मोठी करून वाचतो, कोणी आडवा धरून. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी पडद्यानुसार आपोआप जुळवून घेणाऱ्या मांडणीची पद्धत मांडली, ती आज सगळीकडे वापरात आहे. पण जुळवून घेताना काय सोडायचे आणि काय कधीच सोडायचे नाही, हे पद्धत सांगत नाही. आमच्या ध्वनीच्या पानावर लहान मोबाइलवरही दोन बटणांमधील मोकळी जागा तेवढीच राहते; त्यासाठी त्यांनी खालची एक ओळ काढून टाकली.

असे असले तरी सगळी वेबसाइट कला आहे, असा माझा दावा नाही. पार्सलचे नियम, पैसे भरण्याचे पान, दुकानात कसे यावे याची माहिती ही चांगली, चोख कारागिरी आहे आणि तिथे तेवढेच हवे. उलट एका ठिकाणी कलेच्या ओढीने त्यांनी आमचे नुकसानही केले, ते लपवणे बरोबर होणार नाही. मुखपृष्ठ निवांत दिसावे म्हणून त्यांनी फोन नंबर तीन आडव्या रेघांच्या बटणामागे ठेवला. पहिल्याच महिन्यात तीन जुन्या गिऱ्हाइकांनी प्रत्यक्ष येऊन सांगितले की नंबर सापडत नाही. त्यांतील एक बुवा मुरबाडहून केवळ पखवाजाच्या वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) आहेत का एवढे विचारायला एसटीने आले होते. सत्तर वर्षांच्या माणसाला त्या तीन रेघा म्हणजे दार आहे, हे कोण सांगणार? मी दोघींना हे कळवले तेव्हा त्यांनी दहा दिवस मन वळवण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक पानाच्या तळाशी नंबराची पट्टी आली तर पानाचा तोल जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मी ऐकले नाही, आणि आज मला ते बरोबर वाटते. आता पट्टी आहे, नंबर मोठ्या आकड्यांत आहे, ध्वनीच्या पानावरसुद्धा आहे, फक्त तेथे ती थोडी अरुंद आहे.

दुसरी चूक रंगाची. छायाचित्रांखालच्या ओळी त्यांनी फिकट करड्या रंगात ठेवल्या होत्या. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक असावा, असा वेबसाइट सर्वांना वाचता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा दंडक आहे, आणि या ओळी मोजल्या तर ३.१ भरत होत्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एका गायिकेने लक्षात आणून दिले. ही चूक मात्र त्यांनी त्याच दिवशी, काहीही वाद न घालता दुरुस्त केली. इंग्रजी पाने अजूनही निर्जीव आहेत. ती दुसऱ्या कोणाकडून करून घेतली होती आणि ते जाणवते.

वेळेच्या बाबतीत माझी खरी नाराजी आहे. सहा आठवडे ठरले होते, अकरा लागले. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे हा आमचा मुख्य हंगाम असतो. भजनी मंडळांच्या पेट्या, पखवाज, टाळ सगळे त्याच वेळी येते. वेबसाइट अनंत चतुर्दशीनंतर उभी राहिली. ज्यांना ठरावीक तारीख गाठायची आहे, त्यांनी अशा स्टुडिओशी बोलताना ती तारीख लेखी घ्यावी.

खर्च ५५,००० रुपये झाला, तीन हप्त्यांत दिला. वेबसाइटचा पत्ता आणि ती ठेवण्याची जागा मिळून वर्षाला ६,२०० रुपये जातात, आणि दर महिन्याला दोन तासांपर्यंतचे बदल त्या विनामूल्य करून देतात. वेबसाइटचा पत्ता त्यांनी पहिल्या दिवशीच माझ्या नावावर नोंदवला. हे मुद्दाम लिहिते, कारण आधीच्या कंपनीने तो स्वतःच्या नावावर ठेवला होता आणि काम सोडताना आम्हाला आमचाच जुना पत्ता मिळाला नाही. व्हिजिटिंग कार्डे, पावती पुस्तके सगळी नव्याने छापावी लागली. मुखपृष्ठ आता एक एमबीच्या आत आहे आणि मुरबाडच्या बुवांच्या मोबाइलवरही चटकन उघडते.

ध्वनीच्या पानाचा परिणाम मी दुकानात बसून पाहते. पूर्वी गिऱ्हाईक ‘आवाज बिघडलाय’ म्हणून तंबोरा पुढे ठेवत असे. आता फोनवरच सांगतात, ‘तुमच्या पहिल्या आवाजासारखा झालाय, दुसऱ्यासारखा करून द्या.’ मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या एका गायनशिक्षिकेने दोन्ही आवाज ऐकून कळवले की तिला दुसराही नको आहे. तो तिच्या गळ्याला फार खुला पडतो, तिला थोडी बंद जवारी हवी. बाबा म्हणाले, इतके नेमके मागणे त्यांनी वर्षानुवर्षांत ऐकले नव्हते. त्यांनी तिचा तंबोरा दोन दिवसांत करून दिला.

चित्रकला शिक्षकांनीही ते पान इयरफोन लावून पुन्हा ऐकले. त्यांचे मत पूर्ण बदललेले नाही. हे कानाचे काम झाले, डोळ्यांचे नव्हे, असे ते म्हणाले. आणि मग आधी-नंतर, आधी-नंतर असे बराच वेळ ऐकत राहिले.

पुढचे काम तबल्याच्या शाईचे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपाचे आहे. शाईचा थर घोटताना आवाज कसा घट्ट होत जातो हे दाखवायचे आहे, पण त्यात दोन अवस्था नाहीत, थरागणिक बदल आहे, त्यामुळे दोन बटणांची युक्ती तेथे चालणार नाही. दोघींना अजून मार्ग सुचलेला नाही आणि या वेळी मी तारीख मागितलेली नाही. बाबांनी त्यासाठी एक जुनी पुडी बाजूला काढून ठेवली आहे.